कोंडलेली दशमी

आश्विन आला की माझं डोकं फिरतं. घरातल्यांना ते पाठ झालं आहे. हस्ताचा पाऊस एकदा गडगडून गेला, अंगणातल्या चिखलाच्या वाळून खपल्या झाल्या, की सुना माझ्याशी बेतानं बोलतात आणि नातवंडं माझ्या खाटेला वळसा घालून खेळतात. बाहेर मात्र सगळं उलट असतं. पहाटे पऱ्हाटीच्या शेंड्यांवरची कोळ्यांची जाळी दवानं पांढरी होतात, पहिली बोंडं तडकतात, आणि आकाश असं धुऊन निघतं की दिवसाही त्याच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागतात. लोक म्हणतात, वर्षातले हे सगळ्यात गोड दिवस. असतील.

मी या दिवसांत तिथी मोजतो. पंचमी, षष्ठी, सप्तमी. नवमीपर्यंत धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, खाट टाकून झोपतो. दशमीला, म्हणजे दसऱ्याला, खाट खाली आणायला सांगतो. कुणी कारण विचारलं तर ओरडतो. ओरडल्यावर माणसं कारण विचारायची थांबतात, हे मी फार लवकर शिकलो.

माझी तक्रार एका माणसावर आहे. तीस वर्षं उलटली. तो जिवंत आहे की नाही, मला ठाऊक नाही. तक्रार आहे.

ते कापसाचे वेडे दिवस होते. समुद्रापलीकडे कुठल्या तरी मुलखात लढाई जुंपली आणि तिथला कापूस अडकून पडला, एवढंच आम्हांला कळलं होतं. तेवढं पुरे होतं. तेल्हाऱ्यापासून, अकोल्यापासून बैलबंड्या निघत आणि अमरावतीच्या बाजारात येऊन एकीमागे एक अशा लागत की शेवटच्या बंडीचा धनी तिथंच तीन दगड मांडून भाकरी भाजायला बसे. बैलांच्या शिंगांना पितळी टोपणं आली. कालपर्यंत अनवाणी हिंडणारे लोक कुरकुरणारे जोडे घालून मुद्दाम दगडी पायऱ्यांवरून चालत. हवेत रुईचे तंतू इतके असत की मिशीला चिकटत, वरणावर तरंगत, आणि खोकलं तर घशातून तेच निघत.

मी तेल्हाऱ्याकडचा. बाप अमरावतीच्या बाजारात दुसऱ्याचे गठ्ठे पाठीवर वाहायचा, मीही वाहिले. पुढं लोकांना कळलं की माझी जीभ पाठीपेक्षा जास्त ओझं हलवते. मी दलाल झालो. अमरावतीत घर बांधलं, रुई साठवायला कोठी बांधली. ज्यांच्या ओट्याखाली मी उभा राहायचो ते मला ओट्यावर बोलावू लागले. गणप्याचा गणपत झाला, गणपतचा गणपतराव. बाजारात, कचेरीत, देवळात, सगळीकडे गणपतराव.

एक माणूस सोडून. अनंतशास्त्री. गावाचं पंचांग त्यांच्या घरात. पेरणी कधी, लग्न कधी, ग्रहण किती घटका, सगळं त्यांच्या ओसरीवर बसून ठरायचं. त्यांनी मला लहानपणी गठ्ठ्याखाली वाकलेला पाहिला होता आणि त्यांच्या लेखी मी अजून तसाच वाकलेला होतो. "काय रे गणप्या," ते भर रस्त्यात म्हणायचे, आणि माझ्याबरोबर चालणारा माणूस दुसरीकडे बघायचा.

एका वर्षी कोजागिरीला त्यांच्या अंगणात गाव जमलं होतं. दुधाचं पातेलं चांदण्यात ठेवलेलं, भुलाबाईची गाणी संपवून पोरी खिरापतीवर तुटून पडलेल्या. शास्त्री चंद्राबद्दल सांगत होते, त्याची गती, त्याची घरं. मी नवा अंगरखा घालून पुढे बसलो होतो. मी सहज विचारलं, "शास्त्रीबुवा, त्या चंद्रावर ते काळं काळं काय हाय?"

ते हसले. म्हणाले, "गणप्या, तू तराजूकडे बघ बाबा. आकाश तुझ्या मापाचं नाही."

सगळं अंगण हसलं. हातातलं दूध गरम होतं. मी ते एका घोटात प्यायलो आणि जीभ भाजली. आठ दिवस मला चव नव्हती. त्या आठ दिवसांत मी ठरवलं की पुढच्या कोजागिरीला याच अंगणात याच माणसाकडून सगळ्यांदेखत स्वतःला गणपतराव म्हणवून घ्यायचं. कसं, ते ठाऊक नव्हतं.

ते मला दुसऱ्या वर्षी भाद्रपदात सापडलं.

विनायकराव मुंबईचा. आम्ही त्याला तसबीरवाला म्हणायचो. कापसाचा पैसा जिथं जाईल तिथं जाणाऱ्यांपैकी तो एक. माणसाला खुर्चीत बसवायचं, मान हलवू नको म्हणायचं, आणि पेटीतल्या काचेवर त्याचं रूप उतरवायचं. शेठ लोक अंगावर घरातला सगळा दागिना घालून त्याच्यापुढं बसत आणि मान आखडेपर्यंत श्वास धरत. उंच, वाकलेला, मऊ बोलणारा माणूस. त्याची बोटं काळी होती, नखांपासून दुसऱ्या पेरापर्यंत. चांदीच्या क्षाराचे डाग, धुऊन जात नाहीत, असं तो म्हणायचा. लोक त्याला पाणी वरून ओतून देत.

त्याच्याकडे एक दुर्बीण होती. ती त्या पेटीला जोडून चंद्राची तसबीर निघते, हे त्यानं मला एकदा बोलता बोलता सांगितलं. मी माझी तसबीर काढून घेत होतो आणि मान हलवायची नव्हती, तरी हलली.

"चंद्राची? काचेवर?"

"हो. विलायतेत काढलेल्या मी पाहिल्यात. आता मलाच काढायचीय. अकोल्याला रस्त्या-पुलांचं काम बघणारा एक साहेब आहे. त्याला कामाच्या तसबिरी काढणारा माणूस हवाय. म्हणाला, चंद्र आणून दाखव, मग तुला कायमचा ठेवतो." मग म्हणाला, "बायको भावाच्या दारात दिवस काढतेय, गणपतराव. हे हिंडणं बंद करायचंय मला."

तर असं होतं. एक चंद्र, आणि तो दोघांना पाहिजे होता. मी त्याला घरी राहायला जागा दिली, धाबं दिलं, शिधा दिला. चंद्र कधी काढायचा यावर आमचं फाटलं.

त्याला दशमी पाहिजे होती. मला पुनव.

आज मी हे शांतपणे लिहू शकतो, कारण त्याचं म्हणणं मला तेव्हाही कळलं होतं. त्यानं ते माझ्या शेतातल्या भाषेत सांगितलं. "भर दुपारी नांगरलेल्या वावरात उभे राहा. ढेकूळ दिसतं, पण सावली नसते. सगळं सपाट वाटतं. संध्याकाळी त्याच ढेकळाची सावली हातभर लांब पडते, तेव्हा उंची कळते. चंद्रावर डोंगर आहेत, खड्डे आहेत. पुनवेला तिथं भर दुपार असते. काही दिसणार नाही."

"मंग अष्टमीले काढ. अर्ध्या चंद्राले सावली लय असन."

"अष्टमीला उजेड कमी पडतो. काच जास्त वेळ उघडी ठेवावी लागते आणि तेवढ्यात चंद्र सरकतो. दशमीला उजेडही पुरतो आणि कडेला सावल्याही असतात. शिवाय दिवस मावळतो तेव्हा तो चांगला वर आलेला असतो, गावच्या धुळीच्या वर. पुनवेचा चंद्र धुळीतून उगवतो. वर येईतो दव पडायला लागतं, भिंगावर वाफ धरते."

सगळं बरोबर होतं. मी मनात प्रत्येक मुद्दा तोलला आणि प्रत्येक मुद्दा भरला. पण दशमीला अंगणात कोण असणार? दशमीला शास्त्री कुठं, गाव कुठं? तसबीर त्याच अंगणात, त्याच लोकांपुढं निघायला पाहिजे होती. आणि हेही खरं की पुऱ्या चंद्रासाठी मी त्याला पोसत होतो. कडेनं खाल्लेला चंद्र घेऊन मी काय करणार होतो?

"दोन काचा काढतो," तो म्हणाला. "दशमीची माझी, पुनवेची तुमची. दशमीला रातोरात बंडीनं निघालो तर त्रयोदशीच्या पहाटे अकोल्यात पोचेन. पुनवेच्या आत साहेबाचा तळ हलणार आहे. साहेबाला काच दाखवून तसाच उलटा फिरतो आणि पुनवेच्या रात्रीला परत येतो."

परत येतो म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा मी बाजारात रोज बघायचो. जो परत येतो म्हणतो तो येत नाही. आणि आला असता तरी शास्त्री म्हणाले असते, हे तर साहेबाकडचं उष्टं.

एकदा बाजारात तो माझ्या मागं मागं आला आणि पुन्हा तेच बोलू लागला. आमच्याकडे भाव तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आत बोटं धरून भाव करायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. त्याच्या खांद्यावर पेटीचं काळं कापड होतं. मी ते ओढलं, दोघांच्या हातांवर टाकलं आणि आत त्याची बोटं धरली.

"ही दशमी," मी म्हणालो आणि त्याचं एक बोट दाबलं. "आन् ही पुनव." मी सगळा पंजा आवळला.

लोक जमले. "काय राजेहो, कायचा भाव फुटून राहिला?"

"चंद्राचा," माझ्या कोठीचा माणूस किसन म्हणाला.

"वाळेल हाय का वला?" कापसाबद्दल विचारावं तसं कुणी तरी विचारलं.

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तोही हसत होता, कारण त्याला वाटलं हा खेळ आहे. मी आवळत गेलो. कापडाखाली त्याची हाडं कडकडली तेव्हा त्याचं हसू गेलं, पण त्यानं हात काढून घेतला नाही. बोटांवरच त्याचं पोट होतं, तरी नाही काढला. "दशमी," तो हळूच म्हणाला. मला माणसं ओळखता येतात. हा ओरडणार नव्हता, भांडणार नव्हता, आणि ऐकणारही नव्हता. अशा माणसाला कोंडावं लागतं.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. नांगराचा फाळ, कोयता, सुताराचा वासला. मी तराजू पुजायचो. काटा चिंचेनं घासून सोन्यासारखा करायचा, पारड्यांना हळद-कुंकू, झेंडूच्या माळा. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. दसऱ्याला पूजा उठवायची आणि मग ते कामाला घ्यायचं.

"विनायकराव, तुमीबी तुमची हत्यारं मांडा ना," मी म्हणालो. "आमच्या तराजूच्या बाजूले."

मी त्याचा चेहरा कधीच विसरणार नाही. काळ्या बोटांच्या त्या माणसाला इतक्या महिन्यांत कुणी देवाजवळ बसवलं नव्हतं. त्यानं धोतराच्या सोग्यानं पेटी पुसली, पितळेच्या नळ्या पुसल्या. बाटल्या आणि कोऱ्या काचा पेटीत रचल्या, आतापर्यंत काढलेल्या लोकांच्या काचा रचल्या, साहेबाचं पत्र रचलं, आणि पेटी स्वतः उचलून कोठीत पाटावर नेऊन ठेवली. माझ्या बायकोनं तिच्यावर अक्षता टाकल्या. त्यानं नमस्कार केला, डोळे मिटून. मी कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोवली.

दसऱ्याच्या सकाळी तो आंघोळ करून आला. "पेटी घेतो, गणपतराव."

"पुजेतली हाय."

"पण आज उठवतात ना पूजा?"

"आमच्याकडे कोजागिरीले उठवतात."

आतून बायको म्हणाली, "कोनाकडे?"

मी तिच्याकडे असं बघितलं की तिनं पुढचं गिळलं.

त्यानं कुलपाकडे बघितलं. मग समजलं त्याला. समजल्यावर माणूस काही तरी करतो, हात उगारतो, शिवी देतो. त्यानं फक्त विचारलं, "सबंध पेटी?"

"सबंध."

या वर्षी माझा धाकटा नातू दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, आजोबा, वर चला ना, चांदणं बघा कसं पडलंय. मी त्याच्या हातातली पानं घेतली आणि त्याला हाकललं. तो रडला नाही. त्याला माझी सवय झाली आहे. माणसाला आपली सवय होऊ देणं, ही काय कमाई आहे? पण तीच आहे माझ्याकडे.

त्या दसऱ्याला मी वेशीबाहेर जाऊन परत आलो, लोकांच्या गळाभेटी झाल्या, खिसे पानांनी भरले. दिवस मावळत होता. धाब्यावर गेलो तर तो तिथं बसलेला. दुर्बीण लांब होती, पूजेत मांडायला जागा नव्हती म्हणून धाब्यावरच राहिली होती. तीन पायांच्या तिघाडीवर उभी, तोंड आकाशाकडे. आणि चंद्र. काय सांगू. पावसानं धुतलेल्या निळ्या आकाशात, धुळीच्या खूप वर, अंधाराची वाट न बघता तो उजळलेला होता. एक कड अजून भरायची होती.

"एक घटका पेटी द्या," तो म्हणाला. "एकच काच. हवं तर ती तुम्ही ठेवा. साहेबाला नका देऊ, मला नका देऊ. पण आज काढू द्या. असं आकाश मी मुंबई सोडल्यापासून पाहिलं नाही."

मी किल्ली कनवटीत आणखी आत खोवली.

"मग बघा तरी," तो म्हणाला आणि बाजूला सरला.

मी डोळा लावला.

मी आजवर हे कुणाला सांगितलं नाही. जिथं चंद्र भरायचा राहिला होता, त्या कडेला उजेड संपत होता, आणि तिथं, अगदी त्या काठावर, खड्ड्यांच्या कडा उभ्या होत्या. प्रत्येक कडेची सावली पडलेली. कुठं सावलीच्या काळ्यात एखादं टोक एकटंच उजळलेलं, सूर्य उगवताना फक्त शेंडा उजळावा तसं. मी दिवसभराच्या उन्हात वावरं तुडवत मोठा झालेला माणूस. मला दिसलं की ती जमीन आहे. तिथंही दिवस उगवतो, मावळतो. माझ्या तोंडून आवाज निघाला, कसला ते माहीत नाही. बायको मागं येऊन उभी होती. तिनंही बघितलं. बघून ती मागं सरली आणि माझ्याकडे वळली.

"द्या ना त्याची पेटी," ती म्हणाली. "काहून त्या गरिबाले छळून राहिले तुमी?"

त्या क्षणी किल्ली माझ्या कमरेला टोचत होती. जिना उतरायचा, कुलूप काढायचं, एवढंच होतं. तो माणूस बरोबर होता. मी स्वतःच्या डोळ्यानं बघितलं होतं की तो बरोबर आहे. आणि म्हणूनच मी हललो नाही. तो चुकला असता तर मी दिली असती पेटी, खुशाल दिली असती. पण माझ्या घरात राहून, माझं मीठ खाऊन, माझ्याच बायकोदेखत तो बरोबर होता. "पुनव म्हनलं ना," मी म्हणालो आणि खाली आलो. वर बराच वेळ दुर्बिणीचा आवाज येत राहिला, चंद्र सरकेल तशी तो ती फिरवत होता. नुसता बघत होता.

पुढचे दिवस आश्विनातल्या उन्हाचे. कोठीत रुईच्या गंजीमधून उष्णता अशी येते की जणू जनावर श्वास टाकतंय. त्रयोदशीला मी त्याला पेटी बघू दिली तेव्हा बाटलीतला रस आटून डिंकासारखा झाला होता. तो रस काचेवर ओतल्याशिवाय तसबीर धरत नाही. अकोला तर आता गेलंच होतं. तो काचेसाठी तरी धडपडत होता. आणि तेव्हा त्यानं मला सांगितलं की तो रस रुईचा करतात. रुई तेजाबात बुडवायची, धुवायची, वाळवायची, आणि मग उग्र वासाच्या अर्कात विरघळवायची.

"म्हंजे चंद्र कापसावर उतरते?" मी विचारलं.

"कापसावरच."

मी हसलो. त्या सबंध महिन्यात मनापासून एवढंच हसलो. मुंबईचे व्यापारी आमच्या रुईला नाकं मुरडत, आखूड म्हणत, मळकी म्हणत. आता चंद्र वऱ्हाडच्या रुईवर उतरणार होता, माझ्या रुईवर. सोनाराकडून तेजाब आणवलं, किसनला हाक मारली. "चांगली रुई दे रे यायले. सगळ्यात चांगली."

किसननं दिली. त्यानं आपली नेहमीची सगळ्यात चांगली दिली, जी आम्ही मुंबईच्या माणसांना दाखवायचो. वरून पांढरी, आत पाण्याचा शिडकावा आणि बारीक रेती, वजनासाठी. माझ्याच सांगण्यावरून. त्या वर्षी माझ्या कोठीत निव्वळ रुई एक मूठही नव्हती, हे मला आठवलंच नाही.

विनायकरावानं ती चिमटीत चोळली. "यात माती आहे."

"वऱ्हाडची माती हाय. चालते."

त्यानं ती तीनदा धुतली. रात्रीपर्यंत धूत होता.

कोजागिरीला शास्त्र्यांचं अंगण भरलं. मी कोठीतून त्या रात्रीपुरतं लागेल तेवढंच बाहेर काढू दिलं. बाकी पेटी, त्याच्या सगळ्या काचा, कुलपातच. अंगणाच्या कोपऱ्यात त्यानं काळा तंबू लावला. अर्काच्या वासानं बायका नाकाला पदर लावून उठल्या. "दारू आनली काय हो यानं?" कुणी तरी म्हणालं. चंद्र तांबडा, धुळीनं माखलेला असा उगवला. तो वर येईपर्यंत दूध आटलं, पोरं पेंगुळली आणि गवत ओलं झालं. विनायकराव भिंग पुसत होता, पुन्हा पुसत होता. शेवटी त्यानं झाकण काढलं, मनात सात आकडे मोजावे इतका वेळ, आणि लावलं. तंबूत गेला. मी तंबूबाहेर उभा होतो, नवा अंगरखा घालून.

काच बाहेर आली. शास्त्र्यांनी ती समईपुढं धरली. एक पांढरी चकती. सपाट. आणि तिच्यावर बारीक काळी छिद्रं, रेतीचा एकेक कण, सगळीकडे.

"हा चंद्र?" शास्त्री म्हणाले. "की घुशीनं खाल्लेला पापड, गणप्या?"

अंगणात हशा फुटला. पोरं जागी होऊन हसायला लागली. म्हातारी माणसं मागून विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि सांगितल्यावर तीही हसत होती. शास्त्र्यांनी हात वर केला, हसू थांबवलं आणि तसबीरवाल्याकडे वळले. ते विद्वान होते, यात शंका नाही.

"तुम्ही जाणते दिसता. पुनवेला सूर्य चंद्राच्या समोर असतो. सावली पडत नाही, काही उठून दिसत नाही. हे तुम्हांला ठाऊक नव्हतं?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. मीही. त्याच्या हाती आता माझी मान होती. कुलूप, किल्ली, खोटी पूजा, रेती. एक वाक्य पुरलं असतं. अमरावतीत मला पुढं कुणी उभं केलं नसतं. त्याची बोटं ओली होती, त्यांतून पाणी ठिबकत होतं.

"चूक माझी," तो म्हणाला. "गणपतराव मला दशमीच म्हणत होते. मीच हट्ट केला पुनवेचा."

शास्त्री माझ्याकडे वळले. प्रथमच मला नीट बघत असल्यासारखे.

"दशमी? हे तुम्हांला कसं सुचलं, गणपतराव?"

म्हणाले. सगळ्यांदेखत म्हणाले. आणि मी बोललो. धाब्यावर जे बघितलं होतं ते सगळं सांगितलं. काठावरच्या सावल्या, काळ्यात एकटंच उजळलेलं टोक, संध्याकाळच्या वावरातली ढेकळं. ते शब्द त्याचे होते, डोळा माझा होता. लोक मान हलवत होते. शास्त्र्यांनी स्वतःच्या हातानं मला दुधाचा पेला दिला. आणि आपण सुटलो हे कळल्यावर मी काय केलं? मी त्याच्याकडे बोट केलं. "चार रोज सांगून राहिलो होतो यायले," मी मोठ्यानं म्हणालो. "मुंबईची अक्कल! ऐकाले तयार नाही. पोसला, जागा दिली, आन् हे केलं यानं." लोक त्याच्याकडे बघून तोंड वाकडी करू लागले. तो कोपऱ्यात बसून काच धूत होता. त्याला दूध कुणी दिलं नाही. वासामुळं असेल.

पहाटे तो बंडीवर सामान चढवत होता. मी कोठी उघडून दिली होती. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांशिवाय आवाज नव्हता. मला झोप लागली नव्हती. सबंध रात्र मी एकच विचार करत होतो की या माणसाला माझी दया आली. दुसरं काय कारण असणार? मला ती सहन होत नव्हती. मी जाऊन त्याचं मनगट धरलं.

"काहून खोटं बोलला तू? मी तुले मांगलं होतं?"

त्यानं माझा हात सोडवला, सावकाश, एकेक बोट करून.

"माझ्या सगळ्या काचा तुमच्या कोठीत होत्या," तो म्हणाला. "खरं बोललो असतो तर तुम्ही घरी येऊन त्या फोडल्या असत्या."

मग तो बंडीत बसला. अकोल्याचा रस्ता त्यानं घेतला नाही. अकोल्यात आता कुणी नव्हतं.

दया नव्हती. दया असती तर मी त्याला विसरलो असतो, कारण दया करणाऱ्याला मूर्ख म्हणता येतं. पण त्यानं माझ्याशी सौदा केला, भर अंगणात, उपरण्याशिवाय, आणि मी, वऱ्हाडातला पहिल्या नंबरचा दलाल, मला तो झाल्यावर कळला. काचांच्या बदल्यात नाव. तीस वर्षं मी ते वापरतो आहे. आता तर शास्त्र्यांचा मुलगाही ओसरीवरून उठून उभा राहतो, गणपतराव या म्हणतो, आणि मी जाऊन बसतो.

मी फोडल्या असत्या का? मी हा प्रश्न दर आश्विनात स्वतःला घालतो आणि दर वेळी रागावून उठतो, कारण उत्तर एकच येतं. फोडल्या असत्या. एकेक करून, त्याच्यासमोर. माझी तक्रार एवढीच आहे की एका महिन्यात त्यानं मला जोखलं, आणि वजन बरोबर निघालं.